अकरा गैरहजर

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा अडकलं! फाइल तयार झाली, नाव बरोबर, जागा बरोबर, आणि आत काही नाही. आकार शून्य. चौसष्टच्या चौसष्ट प्रोसेस चालू दिसतात. योगेश अकोल्याहून फोनवर सांगतो की मशीन तापलंय, पंखे घोंघावून राहिले आहेत. आणि लिहिलं म्हणाल तर एक अक्षर नाही! शेवटी मीच रन मारला. मारला म्हणजे बंद केला. आईसमोर हा शब्द निघाला की ती दचकते.

हाच प्रोग्राम सोळा प्रोसेसवर गुण्यागोविंदाने चालतो. चौसष्टवर नेला की बसला रुसून.

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीखालचं खारं पाणी पुढच्या तीस वर्षांत कुठे कुठे सरकेल, त्याचा नकाशा करायचाय. खोरं एका चौकटीत बसवायचं, चौकटीचे बारीक चौकोन पाडायचे, त्यांचे वाटे करायचे, एक वाटा एका प्रोसेसला, म्हणजे प्रोग्रामच्या एका चालत्या प्रतीला. सगळ्या एकाच वेळी आपापला हिशेब करतात. इथवर छान.

मग उत्तरं लिहायची. आधी मी असं ठेवलं होतं की सगळ्यांनी आपलं उत्तर शून्य नंबरच्या प्रोसेसकडे पाठवायचं आणि तिने एकटीने फाइल लिहायची. एकटीवर एवढा भार आला की ती बसलीच. म्हणून आता सामूहिक लेखन — फाइल एक, लिहिणाऱ्या चौसष्ट, सगळ्यांनी एकदम लिहायचं आणि आपापल्या जागी लिहायचं. वाचायला किती सोपं वाटतं!

तीन ऑक्टोबरला अकोल्यात बैठक आहे. तोवर पूर्ण नकाशा हातात असला तर प्रकल्प दोन वर्षं पुढे जाईल आणि मी अमरावतीत राहीन, घरी. नाही झाला तर प्रकल्प गुंडाळणार आणि मला हैदराबादची नोकरी घ्यावी लागणार. ती मंडळी 'कधी येता' म्हणून मागे लागलीच आहेत. मला जायचं नाही. बाबांना या अवस्थेत आईच्या गळ्यात टाकून मला कुठेही जायचं नाही.

१३ सप्टेंबर

अडकलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी बाबांनी कपावर चमचा दोनदा वाजवला. म्हणजे चहा. एकदा वाजवला तर नको. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला, दर्यापूर डेपोला. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. तीच भाषा आता घरात चालते. फेब्रुवारीत लकव्याचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात बराचसा परत आलाय. बोलणं नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाही. ज्या माणसाचं "सरका मांगं, मांगं लय जागा हाय!" पुढच्या चौकात ऐकू जायचं, तो आता चमच्याने बोलतो. चमच्यालाही स्वभाव आहे बरं! रागात ठणठणतो, लाडात येतो तेव्हा कपाला नुसता लागतो.

आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, "तुह्यं ते काय अडकून राह्यलं?"

सांगितलं. सामूहिक लेखन.

"सामूहिक लगनावानी?"

हो, तसंच समज, म्हटलं.

"मंग एक नवरदेव नाई आला त बाकीच्यायचं लगन थांबते का?"

नाही थांबत.

"मंग तुह्यंच काऊन थांबते?"

आणि बाबांनी चमचा दोनदा वाजवला. आईच्या बाजूने! दोघं मिळून मला हसले. बाबांचं हसू आवाजासकट येतं, तेवढं झटक्याने नेलं नाही. सुंदराबाई आणि देवमन यांची युती असली की माझं घरात काही चालत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. बरं वाटलं.

संध्याकाळी विहारातल्या भोंग्यावर वंदना सुरू झाली. वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, चालू आहे, रोज असते. बाबांनी खाटेवर कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. रोज करतात. झटका येईपर्यंत भोंग्यातला आवाज त्यांचाच असायचा.

बुद्धपौर्णिमेला नेलं होतं आम्ही त्यांना. खुशालराव आता वंदना घेतात. त्यांनी मानाने माईक पुढे केला — "दादा, तुमीच सुरू करा." सवयीने बाबांनी माईक धरला, तोंड उघडलं. काहीच नाही. माईकची नुसती घरघर. आणि बाबांच्या डोळ्यांतून धारा. वंदना सुरू व्हायच्या आतच आम्ही त्यांना ऑटोत बसवून घरी आणलं. त्यानंतर कधी नेलं नाही. पुण्याहून अनुपचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, जे येत नाही त्यासाठी त्यांना कशाला त्रास?" भावाचं माझं एरवी कशावर पटत नाही. यावर पटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अकोल्याला जाऊन आले. बडनेऱ्यापर्यंत ऑटो, पुढे रेल्वे. गाडीत बसायला जागा मिळाली, तेवढंच आजचं यश.

योगेश मशीन सांभाळतो. हिवरखेडचा. घरी भाजीपाल्याची शेती, आणि मशीनवर त्याची माया पोटच्या लेकरासारखी. मी सरळ सांगितलं, "तुम्ही नवी डिस्क लावली तेव्हापासून हे सुरू झालंय."

"मॅडम, डिस्कले नावं ठेवू नका. बाकीचे लोकं लिहूनच राह्यले ना तिच्यावर!"

"त्यांचं काम लहान असतं."

"तुमचं काम मोठं हाय, पन आमची डिस्क लहान नाई!"

मी ओरडले. तोही ओरडला. डॉ. प्रतीक्षा केबिनमधून बाहेर आल्या. प्रकल्पाच्या प्रमुख त्या. नाव प्रतीक्षा, पण वाट बघणं त्यांना माहीत नाही. "भांडण तीन तारखेनंतर करा. भावना, सोळावरचा धूसर नकाशा मला नकोय. त्यात दर्यापूर आणि मूर्तिजापूर एकाच ठिपक्यात बसतात. तो बघून मी कोणाला काय सांगू? तुमची विहीर इकडेच कुठेतरी आहे?" बरोबर आहे त्यांचं. चिडले ते बरोबर असल्यामुळेच.

निघताना योगेशने हातात पिशवी दिली. भरताची वांगी! भांडून झाल्यावर! "घरची हायेत. डिस्कवर राग काढा, वांग्यावर काढू नका."

१७ सप्टेंबर

वांग्याचं भरीत झकास. प्रोग्राम आहे तिथेच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

योगेशने माझं तोंड बंद करायला जुन्या डिस्कवर रन लावला. तिथेही अडकलं, तस्संच. लगेच फोन. "आता बोला." काय बोलू! माफी मागितली. डिस्कचीही मागा म्हणाला. तीही मागितली.

म्हणजे दोष माझ्याच प्रोग्रामात. पण कुठे? सोळा चालतात, चौसष्ट चालत नाहीत. ओळी त्याच, हिशेब तोच. वाचून वाचून डोळे गेले. आपलं लिहिलेलं आपल्याला दिसतच नाही. डोळा आपोआप पुढे सरकतो.

हैदराबादहून पुन्हा मेल आला. पुढच्या आठवड्यात कळवा म्हणे. आईला सांगितलं नाही. भाकरी करताना तेच डोक्यात, तव्यावरची भाकरी करपली. आई म्हणाली, "नाव भावना ठेवलं, थे चुकलं. चिंता ठेवाले पायजे होतं." बाबांनी करपलेली भाकरी मुकाट्याने खाल्ली. एरवी चमचा ठणठणला असता. त्यांना मेलचं कळलं की काय? फोन त्यांच्या खाटेवरच पडलेला असतो माझा.

२१ सप्टेंबर, रविवार

रुख्मिणीमावशी येऊन गेली. शेजारची. विहारातलं महिला मंडळ तीच चालवते. सात ऑक्टोबरला पौर्णिमा, वर्षावासाची समाप्ती, त्याचं सांगणं करायला आली होती. वंदना, मग खिरीचं जेवण. चहा अर्धा झाल्यावर आईला म्हणाली, "देवमनदादा येतीन ना?"

आईच्या आधी मीच बोलले. "मावशी, त्यांना म्हणता येत नाही. उगाच कशाला त्रास."

"मी काय म्हन म्हनून राह्यली का त्यायले? बसाले त येते!"

"नुसतं बसून काय करतील?"

"मंग सारे काय करतेत, बाई? निम्म्या बायायले पाठ नाई, नुसते ओठ हालवतेत. पोट्टे झोपतेत. पन आलेत ना! दादाची जागा तिथी खाली ठेवेल हाय. कोनी बसत नाई तिच्यावर. वंदना सुरू कराच्या आंधी सारे तिकडंच पाह्यतेत अन् खुशालराव बिचारा थांबून रायते. रोज!"

मला राग आला. सांगणं करायला आली होती की मला शिकवायला? मावशी गेल्यावर आईसमोर बडबडले. त्या दिवशी माईक हातात घेऊन रडणारे बाबा मी पाहिलेत. पुन्हा बघायची माझी तयारी नाही. आई कपबशा उचलून आत गेली.

बाबा आतल्या खोलीत जागेच होते. सगळं ऐकलं असणार. चमचा वाजला नाही. एकदाही नाही आणि दोनदाही नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी अंघोळ करताना सुचलं. चौसष्ट प्रोसेस चालू आहेत, हे आपण मशीनच्या सांगण्यावरून धरून चाललोय. त्या लिहायच्या जागी पोचतात का, हे कोणी विचारलंय? हजेरी घ्यावी! लिहायच्या ओळीच्या अगदी आधी एक ओळ घातली — प्रत्येकीने आपला नंबर सांगायचा. हिशेब अगदी थोडा ठेवला, म्हणजे लवकर निकाल लागेल. ओल्या केसांनीच बसले.

आल्या! भराभर आल्या. मग थांबल्या. मोजल्या तर त्रेपन्न.

अकरा गैरहजर.

योगेशला फोन लावला. "अकरा जणी आल्याच नाहीत!"

"कोन कोन?" शाळामास्तरच जणू.

नंबर वाचून दाखवले. पहिलाच शून्य. जी एके काळी सगळं एकटी लिहायची तीच गायब! शून्य, एक, आठ. सहा, सात, पंधरा. अठ्ठेचाळीस, छप्पन्न, सत्तावन्न. बासष्ट, त्रेसष्ट. कागदावर आठ बाय आठची चौकट काढली आणि या घरांवर फुल्या मारल्या. चारही कोपरे! शून्य नंबर म्हणजे वरचा डावा कोपरा, धारणीकडचा डोंगर. खोऱ्याच्या बाहेर. या अकरा जणींच्या वाट्याला खोऱ्याचा एकही चौकोन आलेला नाही. सोळा वाटे केले की वाटे मोठे होतात आणि कोपऱ्यातलीच्याही हाती खोऱ्याचा एखादा तुकडा लागतो. म्हणून सोळा चालतात!

"पन मॅडम, थ्या गेल्या कुठी?"

पुढे गेल्या होत्या. लिहिणं सोडून थेट फाइल बंद करायच्या ओळीवर जाऊन उभ्या. आणि फाइल बंद करायलाही सगळ्या लागतात. म्हणजे त्रेपन्न जणी लिहायला अकरांची वाट बघून राहिल्या, आणि अकरा जणी पुढच्या दारात त्रेपन्नांची. दोन्हीकडून वाट बघणं चालू, म्हणून मशीन तापलेलं.

योगेश इतका हसला! "बाप्पा! म्हन्जे वऱ्हाड मांडवात अन् नवरदेव जेवनाच्या पंगतीत!"

पण त्यांना पुढे जायला सांगितलं कोणी? जेवून बघते. आता भूक लागली आहे, कित्येक दिवसांनी.

त्याच दिवशी, दुपारी

मीच सांगितलं होतं. सापडली ओळ. ऑगस्टमध्ये घातलेली. ज्या प्रोसेसकडे लिहायला काही नाही तिने लिहायच्या भानगडीत पडू नये, तशीच पुढे जावी. आणि बाजूला माझीच टीप, मराठीत, कारण मी टिपा मराठीत लिहिते:

रिकाम्यांना कशाला त्रास.

बराच वेळ बघत बसले त्या चार शब्दांकडे. तीन शब्दांकडे. मोजताही येईना.

नियम किती साधा आहे! पुस्तकात पहिल्याच पानावर असतो, मी शिकवलेला आहे मुलांना. सामूहिक लेखनात सगळ्यांनी यायचं असतं. ज्याच्याकडे लिहायला काही नाही त्यानेही यायचं आणि सांगायचं, माझं शून्य. शून्य चालतं. न येणं चालत नाही. मी दया दाखवायला गेले आणि सगळ्यांचंच अडकवून ठेवलं.

ती ओळ काढून टाकली. पुन्हा लावलं. पाणी प्यायला उठले आणि परत येईपर्यंत फाइल लिहून झाली होती. चौसष्टच्या चौसष्ट हजर! इतकी हलकी झाले की स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठीच मारली. तिचे हात पिठाचे. "भैताड झाली का?" म्हणाली, आणि पिठाचेच हात माझ्या पाठीवर फिरवले.

२४ सप्टेंबर

चौसष्टात अकरा. आमच्या घरात एक.

रुख्मिणीमावशीवर चिडले होते. तिच्याकडे जाऊन आले. 'का आलीस' हेही विचारलं नाही तिने. नुसता कांदेपोह्यांचा बशीभर डोंगर पुढे केला. मी म्हटलं, विचारते बाबांना. "तू इचारू नको, तू घेऊन ये," म्हणाली. पण विचारणार. आमच्याकडे घंटीशिवाय गाडी हलत नाही.

फक्त हिंमत होत नाहीये अजून.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पूर्ण रन लावला. तीस वर्षांचा, सगळ्यात बारीक चौकोनांचा. मशीनसमोर उदबत्ती लावली, असं योगेश म्हणाला. खरं की थट्टा, विचारलं नाही.

२८ सप्टेंबर

चालू. दर वर्षाचं पान लिहितोय. एकदाही थांबला नाही. मी मात्र घरात येरझारा घालतेय.

३० सप्टेंबर, मंगळवार

झालं! झालं, झालं, झालं!

फाइल पूर्ण. तिसाव्या वर्षापर्यंत. उघडून बघितली, कोपरे रिकामे, मधे खोरं, आणि दर्यापूर वेगळं, मूर्तिजापूर वेगळं. आसेगावसुद्धा ओळखू येतं. नकाशा प्रतीक्षा मॅडमना पाठवला. उत्तर एका शब्दाचं — 'वा.' त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

बाबांना लॅपटॉपवर दाखवला. त्यांना रंगांचं काही नाही. त्यांनी बोट ठेवलं ते थेट दर्यापूरवर. मग ते बोट हळूहळू सरकवत आसेगाव, पुढे वलगाव, अमरावती. प्रत्येक थांब्यावर पडद्यावर एकदा टक. थांबायचं, माणसं घ्यायची. मग टक टक. माझ्या तीस वर्षांच्या खाऱ्या पाण्यावरून बाबांची एसटी गेली. मधे एकाही गावाला विसरली नाही. तेव्हाच विचारायचं होतं पौर्णिमेचं. पण राहून गेलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आजूबाजूची सगळी घरं नागपूरला गेली. पहाटेपासून पांढरे कपडे, लेकरांची कलकल, डबे. नोकरीत असताना या दिवशी बाबा हट्टाने जादा गाडीची ड्युटी मागून घ्यायचे. दिवसभर उभे, आणि घरी यायचे ते घसा बसवून आणि खुशीत. आज ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक घराला जाताना हात केला. मी पायरीवर बसले. आज विचारलंच.

"बाबा, पौर्णिमेला विहारात येता?"

हातात कप नव्हता. खुर्चीच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवली. एकदा. थांबा.

"माईक नाही देणार कोणी. मी खुशालरावांना सांगून ठेवते. काही म्हणायचं नाही, नुसतं बसायचं. मी एका बाजूला, आई एका बाजूला."

त्यांनी अंगठी बोटात फिरवली.

"तुमची जागा रिकामी ठेवलीय त्यांनी. रोज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. एरवी मी अशा वेळी उठून जाते, विषय बदलते, काहीतरी खायला आणते. आज बसून राहिले. पाय अवघडले तरी बसून राहिले. मग दांडीवर एक आवाज आला. आणि बऱ्याच वेळाने आणखी एक.

हे एक आणि एक, की दोन? काही कळेना. दारातून आई म्हणाली, "दोन हायेत. मले मालूम हाय."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मंजूर! दोन वर्षं!

बैठकीत मी नकाशा दाखवला. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. शेवटच्या पानावर आभार मानले त्यात डिस्कचं नाव घातलं. योगेश मागच्या रांगेत होता, तो कॉलर ताठ करून बसला. प्रतीक्षा मॅडम बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हैदराबादचं मला माहीत होतं. मी मुद्दामच विचारलं नाही." मग खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि फोन घ्यायला निघून गेल्या.

परतीच्या गाडीत हैदराबादला नकार लिहिला. चार ओळींचा. पाठवल्यावर खिडकीबाहेर बघितलं तर मूर्तिजापूर. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो खरंच उतरतो. मी दीर्घ श्वास घेतला तर समोरच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाई का?" फार बरं वाटतंय, म्हटलं.

राजापेठेतून गरम गिलावडा बांधून घेतला. बाबांनी दोन खाल्ले. आईने तिसरा उचलू दिला नाही. चमचा ठणठणला.

मी इथेच आहे. घरी.

६ ऑक्टोबर

आईने बाबांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. खुशालरावांना फोन केला. माईक नाही म्हणजे नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

७ ऑक्टोबर, पौर्णिमा

बाबा बोलले.

आपल्या जागेवर बसले होते, मधे ते, दोन बाजूंना आई आणि मी. वंदना सुरू झाली, सगळ्यांनी एकदम धरली, आणि माझ्या कानाशी एक जाडा, ओळखीचा आवाज. आधी वाटलं मागचं कोणी असेल. बाबा! शब्द न् शब्द. कुठेही अडकले नाहीत. शेवटी तीनदा 'साधू' आलं तेव्हा तिसरा त्यांचाच सगळ्यांत लांब चालला. सगळे थांबले तो संपेपर्यंत.

बाहेर येऊन विचारलं, "बाबा, कसं वाटलं?" तोंड उघडलं. काहीच नाही. एकट्याला येत नाही.

घरी आलो. आई आणि मी त्यांच्यासमोर बसलो आणि दोघींनी एकदम म्हटलं, "चहा मांड." पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज तीन होते.

चहा मांडायला मात्र कोणीच उठेना.